अलॉय व्हील आणि लेदर सीटसाठी नेमकं काय घ्यावं: बाटल्या, हळदीचा कागद आणि शहाबादी फरशी

गाडी साफ करायच्या मालाचा बाजार सध्या इतका वाढलाय की नाना पेठेत एखाद्या दुकानात उभं राहिलं तरी समोर भिंतभर बाटल्या दिसतात, ऑनलाइन तर विचारूच नका. आणि सगळ्यांवर एकच मजकूर, सर्व चाकांसाठी सुरक्षित, सर्व प्रकारच्या लेदरसाठी योग्य. मला दोनच गोष्टींसाठी माल हवा होता, अलॉय व्हील आणि सीट. बाकी गाडी शॅम्पूने होते, काचा ओल्या फडक्याने होतात, पण या दोन ठिकाणी चुकीचं काही लागलं तर ते परत नीट करायला हजारो रुपये जातात आणि तरी पहिल्यासारखं होत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी बाटल्या आणून, एकाच चाकावर आणि एकाच सीटवर शेजारीशेजारी लावून बघत होते. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

गाडी आमची मधल्या आकाराची एसयूव्ही, डायमंड कट अलॉय, बेज रंगाच्या सीट, राहायला कोथरूड. रोजचं ऑफिस आणि अधूनमधून ताम्हिणी उतरून माणगावकडे माहेरी. हे मुद्दाम सांगतेय कारण चाकं कशाने घाण होतात ते गाडी कुठे चालते त्यावर आहे. घाट उतरताना ब्रेक सतत लागतो, ब्रेक पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, त्यातून लोखंडाचा बारीक गरम चुरा उडतो आणि चाकावर चिकटून बसतो, मग त्यावर पाणी पडलं की गंजतो. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार जास्त म्हणून ती जास्त काळी होतात, आणि आमच्यासारखे मागे ड्रम ब्रेक असले तर मागची चाकं जवळजवळ स्वच्छच असतात, कारण ड्रमचा चुरा आतल्या आत राहतो. त्यामुळे महागडं व्हील क्लीनर चारही चाकांवर सारखंच मारणं म्हणजे अर्धी बाटली वाया. पुढच्या दोन चाकांना हवं, मागच्यांना बहुतेक वेळा शॅम्पू बास.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानदाराने सांगितली नाही. आपण चाक घासतो तेव्हा आपला ब्रश ऍल्युमिनियमला लागतच नाही, वर पारदर्शक लॅकरचा थर असतो, ब्रश त्याला लागतो. सीटचंही तसंच, गाडीच्या लेदरवर रंगाचा थर आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो, आपण पुसतो तो हा थर. म्हणजे दोन्हीकडे सांभाळायचं आहे ते वरचं पातळ कोटिंग. ते शाबूत आहे तोवर चाक आणि सीट दोन्ही वर्षानुवर्षं छान राहतात, ते गेलं की मग कुठलीही बाटली उपयोगाची नाही. डायमंड कट अलॉयमध्ये तर हे फारच, कारण तिथे चकचकीत मशीन केलेला धातू फक्त त्या लॅकरच्या भरवशावर असतो, कुठे दगड लागून लॅकरला चीर गेली की आत पाणी शिरतं आणि पांढऱ्या किड्यांसारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरत जातात, त्या कशानेच निघत नाहीत, चाक परत मशीनवर घ्यावं लागतं. त्यामुळे माझा निकष अगदी साधा ठेवला, जे सगळ्यात सौम्य असूनही काम करतं ते घ्यायचं.

सौम्य कोणतं ते कसं ओळखायचं हा पुढचा प्रश्न, कारण बाटलीवर घटक नीट छापलेले नसतात. इथे शाळेतलं विज्ञान कामाला आलं. हळद पाण्यात कालवून ब्लॉटिंग पेपरच्या पट्ट्यांना लावली आणि वाळवल्या, आणि अंगणातल्या जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्याचा रंग काढला. हळदीचा कागद अल्कलीने तांबडा होतो, जास्वंदीचं पाणी ऍसिडने गडद गुलाबी आणि अल्कलीने हिरवट होतं. प्रत्येक द्रवाचा एक थेंब कागदावर, एक थेंब जास्वंदीच्या पाण्यात. कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्याने कागद लगेच लालभडक झाला, ते अपेक्षितच होतं. पण 'ऑल पर्पज क्लीनर' म्हणून जे विकतात, जे वॉशिंग सेंटरवाले चाकापासून सीटपर्यंत सगळ्याला मारतात, त्यानेही कागद तसाच तांबडा झाला, आणि ते पाणी मिसळून पातळ केल्यावरसुद्धा झाला. लेदरला अल्कली मानवत नाही, लेदर मुळात किंचित आम्लधर्मी असतं, आणि तीव्र अल्कली उघड्या ऍल्युमिनियमलाही खाते. म्हणजे एकाच बाटलीने दोन्हीकडे अपाय.

तिसरी चाचणी आमच्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीने केली. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर ऍसिड पडलं की फसफसतं. व्हिनेगर टाकून बघा, बारीक बुडबुडे येतात. एका ओळखीच्यांनी वॉशिंग सेंटरमधून सुट्टं व्हील क्लीनर आणून दिलं होतं, पाच लिटरच्या कॅनमधून पाण्याच्या बाटलीत ओतलेलं, ना नाव ना लेबल, 'चाकं चांदीसारखी करतं' असं सांगून. फरशीच्या कोपऱ्यावर थेंब टाकला तर असं फसफसलं की पांढरा फेस वर आला आणि नंतर तिथे खडबडीत फिकट डाग राहिला, तो अजून आहे. हे चाकावर काय करत असेल बघा. चाकं पहिल्यांदा खरंच चमकतात, त्यात खोटं काही नाही, ऍसिड गंज आणि चुरा दोन्ही विरघळवतं, पण दर धुण्याला थोडं लॅकरही मरतं, आमच्याच सोसायटीत एका गाडीचे अलॉय असे पांढुरके, धुरकट झालेत. शिवाय काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडवालं ऍसिड असतं, ते कातडीतून आत जातं आणि सुरुवातीला आगही होत नाही, ते फार धोकादायक आहे. ते वापरणारा पोरगा उघड्या हाताने वापरत असतो याचं मला जास्त वाईट वाटतं. लेबल नसलेलं व्हील क्लीनर कुणीही फुकट दिलं तरी घेऊ नका, आणि वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर चाकांना काय मारणार ते आधी विचारा, बिनधास्त विचारा.

टॉयलेट क्लीनरने चाकं धुणारेही आहेत, त्यातही बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ऍसिडच असतं. आणि आपल्याकडे पितांबरी लावणारेही भेटले. पितांबरी तांब्या-पितळेला उत्तम, आमच्या देव्हाऱ्यातली समई त्यानेच लखलखते, पण अलॉयवरच्या लॅकरला ती घासून धूसर करेल, ती देव्हाऱ्यातच राहू द्या.

आता चाकाची खरी तुलना. पुढचं डावं चाक, घाट उतरून आल्यावर एक दिवस तसंच ठेवलेलं, पूर्ण थंड. चाकाचा प्रत्येक स्पोक, म्हणजे दांडा, मास्किंग टेपने वेगळा केला. एकावर नुसता गाडीचा शॅम्पू, दुसऱ्यावर भांड्याचं लिक्विड पाण्यात, तिसऱ्यावर साधं फेसवालं व्हील क्लीनर, चौथ्यावर पातळ आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचा चुरा काढणारं रसायन, पाचव्यावर तेच जेलसारखं दाट असलेलं. आधी सगळ्या चाकावर पाण्याचा जोरदार फवारा, कारण वाळूचे कण असताना ब्रश फिरवला की ओरखडे आलेच. नुसत्या पाण्याने आणि शॅम्पूने किती निघतं हे बघून मला खरंच नवल वाटलं, दिसणारी काळी घाण बहुतेक सगळी निघाली, मऊ ब्रशने घोळवून घोळवून. भांड्याच्या लिक्विडनेही तेवढंच निघालं, काही जास्त नाही. साध्या फेसवाल्याने शॅम्पूपेक्षा थोडं लवकर झालं, बस. पण स्पोक वाळल्यावर जवळून बघितलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून, तर या तिन्हींवर मिरपुडीसारखे तपकिरी ठिपके तसेच होते, बोटाला खरखरीत लागणारे. तो चिकटलेला लोखंडाचा चुरा. शॅम्पू, फेस, कशालाच तो दाद देत नाही.

चौथ्या आणि पाचव्या स्पोकवर मात्र तो निघाला. आयर्न रिमूव्हर मारलं की आधी काही होत नाही, मग मिनिटभरात प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळं वलय उमटायला लागतं, ती वलयं एकमेकांत मिसळतात आणि नटांच्या खोबणीतून जांभळे ओघळ खाली येतात, टायरवरून फरशीवर. यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते लोखंडाशी संयोग करून जांभळा रंग देतं आणि चुरा सोडवून पाण्यात उतरवतं. याच जातीचं रसायन पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्येही असतं, म्हणून वास ओळखीचा, सडक्या अंड्यासारखा आणि पार्लरसारखा एकत्र. कितीही लिंबू-चेरीचा सुवास घातला तरी तो वास मागे येतोच, मोकळ्या हवेत करा, हातमोजे घाला. पातळ आणि दाट यात दाट सरस ठरलं, उभ्या स्पोकवर टिकून राहतं, पातळ अर्धं खाली वाहून जातं. आणि इथे हळदीचा कागद पिवळाच राहिला, फरशी फसफसली नाही, म्हणजे लॅकरच्या दृष्टीने निर्धास्त.

नावं सांगायची तर सोनॅक्सचं एक्स्ट्रीम व्हील क्लीनर, हिरवट पिवळ्या रंगाचं, ऍसिड नसलेलं, जर्मन कंपनी, हे मला सगळ्यात पसंत पडलं आणि आता घरात तेच असतं. चिकटून राहतं, रंग बदलला की कळतं, आणि पाण्याने पटकन धुऊन जातं. मेग्वायर्सचं अल्टिमेट ऑल व्हील क्लीनर याच जातीचं, जांभळं होणारं, मैत्रिणीकडे वापरून बघितलं आणि तेही चांगलंच आहे, जवळ जे रास्त भावात मिळेल ते घ्या, दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही. कारप्रोचं आयर्न एक्स हे या प्रकारातलं जुनं आणि नावाजलेलं नाव, ते चाकासोबत गाडीच्या पेंटवरही चालतं, पांढरी गाडी असलेल्यांना त्याचा उपयोग जास्त, कारण पांढऱ्या पेंटवर ते गंजाचे बारीक ठिपके लगेच दिसतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. जांभळा रंग किती आला यावरून माल किती भारी ते ठरवू नका. रंग म्हणजे तिथे लोखंड होतं एवढंच. चाकावर नुसता चिखल, कोकणातली लाल माती किंवा डांबर असेल तर तो जांभळेपणा काही कामाचा नाही. डांबराचे काळे ठिपके आयर्न रिमूव्हरला अजिबात दाद देत नाहीत, त्याला टार रिमूव्हर लागतं, किंवा घरात डब्ल्यूडी-फॉर्टी असेल तर ते कपड्यावर मारून ठिपक्यावर थोडा वेळ दाबून धरा आणि मग शॅम्पूने धुवा. कपड्यावरच मारायचं हां, चाकावर थेट फवारलं आणि ते ब्रेक डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणार नाही. रॉकेल-पेट्रोलने पुसायची जुनी सवय सोडा, रबर फुगतं आणि खराब होतं.

वापरायची पद्धत मालापेक्षाही महत्त्वाची आहे असं माझं पक्कं मत झालंय. चाक गार असलं पाहिजे, हात लावून बघा, गरम चाकावर रसायन वाळून डाग पडतात. उन्हात करू नका, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, वाळायला लागलं की लगेच पाणी मारा. चाकाची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं, ते फडकं चुकूनही बॉडीला लागता कामा नये, त्यात लोखंडाचे कण असतात. आमच्याकडे सकाळी गाड्या पुसायला दादा येतात, त्यांना मी चाकासाठी लाल कपडा वेगळा काढून दिलाय आणि ते तो कटाक्षाने वेगळाच ठेवतात. ब्रशसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची पेंटचा ब्रश मस्त, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा म्हणजे ओरखडा येणार नाही. नटांच्या खोबणीला जुना मऊ टूथब्रश. आणि शेवटी चाक पुसून कोरडं करा, कारण आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, जड पाणी वाळलं की पांढरे क्षारांचे ठिपके पडतात आणि मग लोक ते काढायला परत ऍसिडकडे वळतात. धुऊन झाल्यावर गाडी थोडी हलवून दोन-चारदा ब्रेक दाबा. डिस्कवर जो पातळ तांबूस गंज दिसतो तो तेवढ्याने जातो, घाबरायचं कारण नाही.

आयर्न रिमूव्हर दर आठवड्याला लागत नाही. शॅम्पू आणि ब्रश नियमित असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरे, घाटात जास्त फिरणारे असाल तर थोडं आधी. स्टीलची चाकं आणि प्लॅस्टिकचे व्हील कॅप असतील तर यातलं काहीच घेऊ नका, शॅम्पूच. टायर तपकिरी पडतात ती घाण नसते, रबरात ओझोनपासून वाचवायला घातलेलं द्रव्य वर येतं ते, घासलं की जातं आणि परत येतं. टायरला काळं चमकदार लावायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं दुधाळ ड्रेसिंग घ्या, तेलकट स्प्रे चाक फिरलं की बॉडीवर शिंतोडे उडवतो.

सीटकडे येऊ. इथे आधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'लेदरेट' लिहिलेलं असतं, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयूचं कापड, आणि खरं लेदर असलं तरी बऱ्याचदा फक्त जिथे पाठ टेकते आणि बसतो तेवढंच, बाजू आणि मागचा भाग लेदरेट. आमच्यातही तसंच निघालं. लेदरेटला कंडिशनरची काही गरज नाही, प्लॅस्टिकला तेल पाजून काय होणार, त्याला स्वच्छ पुसणं आणि उन्हापासून वाचवणं एवढंच. पण गंमत अशी की खऱ्या लेदरलाही, वर कोटिंग असल्यामुळे, कंडिशनर फारसं आत जात नाही. हे पटवायला मी सासऱ्यांची कोल्हापुरी चप्पल आणि सीट, दोन्हीवर पाण्याचा एकेक थेंब टाकून दाखवला. चपलेवरचा थेंब बघता बघता जिरला आणि तिथे गडद डाग पडला, सीटवरचा मोत्यासारखा तसाच उभा. कोल्हापुरी झाडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेली असते, वर काही थर नाही, म्हणून ती तेल पिते आणि तेलाने मऊ होते, सासरे वर्षानुवर्षं लावतायत आणि चप्पल झकास आहे. सीटला तेच खोबरेल लावलं तर ते वर बसून राहतं, धूळ धरतं, मेणचट होतं आणि उन्हाळ्यात खवट वास मारतं. डॅशबोर्डला आणि सीटला खोबरेल लावायचा सल्ला सगळीकडे फिरतोय म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

म्हणजे लेदरसाठी पैसे क्लीनरवर खर्च करा, कंडिशनरवर नाही. सीट 'जुनी' दिसते ती बहुतेक वेळा मळलेली असते, घाम, तेल, धूळ यांचा थर चढून ती चकचकीत दिसायला लागते. नवं लेदर मॅट असतं! चकाकी म्हणजे मळ. आमच्या ड्रायव्हर सीटच्या डाव्या अर्ध्या भागावर मी साफ करणारं आणि कंडिशन करणारं एकत्र असं एक लोशन लावलं, उजव्या अर्ध्यावर कलरलॉकचं माइल्ड क्लीनर. टू-इन-वन लोशन प्रकार हलक्या मळाला ठीक आहे, वास छान, हात फिरवायला सोपं, पण जिथे मळ खरंच बसलाय तिथे ते तो विरघळवून परत तिथेच पसरवतं असं वाटलं, पांढऱ्या फडक्यावर फार काही आलं नाही. कलरलॉक हे जर्मनीतलं, फक्त लेदरचंच काम करणाऱ्यांचं, ते पाण्यासारखं पातळ असतं आणि फेस करून लावायचं. स्पंजवर घेऊन दाबून दाबून फेस केला, मऊ ब्रशने गोल गोल फिरवला, तो फेस आधी पांढरा, मग पिवळट, मग चहाच्या रंगाचा झाला, तो ओल्या पिळलेल्या मायक्रोफायबरने लगेच उचलला. खाली लेदरची बारीक नक्षी, ती कणी, परत दिसायला लागली आणि चकाकी जाऊन सीट मॅट झाली. मधल्या शिवणीवर हात ठेवून दोन्ही बाजू बघितल्या तर एकाच सीटचे दोन रंग. त्यांचं स्ट्रॉंग क्लीनरही आहे, ते स्टिअरिंग आणि फार मळलेल्या कडांसाठी, सगळीकडे वापरायची गरज नाही.

मेग्वायर्सचं गोल्ड क्लास लेदरवालं मी नंतरच्या देखभालीला वापरते, सीट एकदा नीट साफ झाल्यावर. महिन्या-दोन महिन्यांनी पुसायला ते छान आहे, तेलकटपणा राहत नाही आणि हात निसटत नाही. सिलिकॉनवाले झगमगीत स्प्रे मात्र सीटवर नकोत, आणि स्टिअरिंग, पेडल, गिअर नॉबवर तर अजिबात नकोत, वळणावर हात निसटला तर काय होईल याचा विचार करा.

ज्यांच्या सीटला बारीक भोकं आहेत, व्हेंटिलेटेड सीट, त्यांनी कुठलंही द्रव सीटवर थेट मारू नका. ब्रशवर घ्या. नाहीतर ते भोकांतून आत फोममध्ये, पंख्यात आणि वायरींपर्यंत जातं, आणि भोकांत पांढरा थर वाळून बसतो तो वेगळाच.

आपल्याकडच्या डागांविषयी थोडं सांगते, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे नसतं. हेडरेस्टवर डोक्याचं तेल, हा नंबर एकचा. ताजं असेल तर आधी कोरड्या कपड्याने टिपून टाल्कम पावडर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झाडा आणि मग क्लीनर. जुनं असेल तर एका बैठकीत जात नाही, दोन-तीन वेळा हलक्या हाताने करा, जोर लावू नका. नव्या जीन्सचा निळा रंग बेज सीटच्या कडांना लागतो, तो जितका लवकर काढाल तितका निघतो, मुरला की रंगाच्या थरातच जातो. म्हणून हलक्या रंगाच्या सीट असतील तर लेदर प्रोटेक्टर घ्यायला माझी हरकत नाही, त्याचा थर मध्ये राहतो आणि डाग त्याच्यावर बसतो. मॅजिक स्पंज म्हणून जे पांढरे मिळतात ते वापरू नका. डाग खरंच जातो, पण तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक सँडपेपर आहे, डागाबरोबर वरचं कोटिंगही घासलं जातं. सॅनिटायझरचंही तसंच, कोरोनात सगळ्यांनी स्टिअरिंग स्पिरिटने पुसून पुसून ठेवलं आणि कितीतरी गाड्यांचं स्टिअरिंग आता चिकट झालंय किंवा पापुद्रे निघतायत, साध्या सौम्य क्लीनरने मळ जातो आणि त्याबरोबर बरेचसे जंतूही.

आणि दसऱ्याची पूजा. स्टिअरिंगला, बॉनेटला हळदकुंकू लावायचंच, त्यात दुमत नाही, पण सीटवर सांडलं तर ओला कपडा घेऊन धावू नका. आधी व्हॅक्यूमने नाहीतर कोरड्या ब्रशने उचला. हळदीवर साबण लागला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू हळदीत चुना मिसळूनच करतात ना, तेच इथे होतं, आणि पिवळ्या डागाचा लाल डाग होऊन बसतो. कोरडं झाडून, मग पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ऍसिड ना अल्कली असं लेदर क्लीनर, आणि तरी पिवळी छटा राहिली तर काचेतून ऊन येईल अशी गाडी लावा, हळदीचा रंग उन्हाने उडतो, माझ्याकडे बाजूच्या सीटवरचा डाग असाच हळूहळू गेला. कोणत्याही क्लीनरने तो काढायची घाई करण्यापेक्षा हे बरं.

पावसाळ्यात बेसमेंटमध्ये गाडी उभी राहिली की सीटवर, पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते, कोकणात आणि मुंबईत तर हमखास. ती लेदरपेक्षा त्याच्यावरच्या घामातेलाच्या मळावर वाढते, त्यामुळे मेअखेरीस सीट नीट साफ करून ठेवल्या तर बराच फरक पडतो, आमच्याकडे या वेळी आली नाही. आलीच तर गाडी मोकळ्यावर आणून, तोंडाला मास्क लावून, कोरड्या कपड्याने पुसा आणि तो कपडा टाकून द्या, मग क्लीनर, मग दारं उघडी ठेवून पंखा लावून पूर्ण वाळू द्या. ओलसर सीटवर प्लॅस्टिकचं कव्हर घालणं सगळ्यात वाईट.

खर्चाचं म्हणाल तर एक आयर्न रिमूव्हर, एक चांगलं लेदर क्लीनर, दोन ब्रश, चार-पाच मायक्रोफायबर आणि मोठी शॅम्पूची बाटली, एवढं सगळं साधारण तीन हजारांच्या आसपास बसतं आणि दोन्ही बाटल्या वर्षभर सहज पुरतात, कारण आयर्न रिमूव्हर पुढच्याच चाकांना आणि लेदर क्लीनर अगदी थोडं लागतं. घेताना उत्पादनाची तारीख बघा, आयर्न रिमूव्हर जुनं झालं की त्याचा जोर कमी होतो, दुकानात धूळ खात पडलेली सवलतीची बाटली घेऊ नका. पहिल्यांदा लहान पॅक घ्या. आणि कितीही नामांकित असू दे, चाकाच्या आतल्या बाजूला आणि सीटच्या खालच्या कडेला आधी थोडं लावून, वाळू देऊन, दुसऱ्या दिवशी उजेडात बघा आणि मगच बाकी ठिकाणी वापरा.

हळदीच्या कागदाला तर काहीच खर्च नाही. पट्ट्या कोरड्या डबीत, अंधारात ठेवल्या तर बराच काळ टिकतात, मी एक डबी गाडीच्या सामानातच ठेवलीय आणि नवीन काही आणलं की आधी त्याचा एक थेंब टाकते. तुमच्याकडे कोणतं क्लीनर असेल आणि त्यावर कागद तांबडा झाला तर मला जरूर कळवा, विशेषतः आपल्या इथल्या कंपन्यांच्या लेदर क्लीनरचं, ती मला अजून सगळी बघायची आहेत.